टीव्हीला जोडलेला संगणक आणि घरचा चित्रसंग्रह

बऱ्याच घरांत आता एखादा जुना लॅपटॉप किंवा छोटा संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला कायमचा जोडलेला असतो. शेजारी एक हार्ड डिस्क. तिच्यात आपल्याच डीव्हीडींवरून उतरवलेले चित्रपट, नाटकं, आणि लग्न-मुंजीच्या जुन्या कॅसेटवरून करून घेतलेल्या फायली. सगळं घरात आहे, पण हवं तेव्हा सापडत नाही. आज आपण हा संग्रह नीट कसा लावायचा आणि बिघडला तर कुठे बघायचं, हे पाहू.

आधी एक गोष्ट पक्की करू या. लायब्ररी म्हणजे फायली नव्हेत. ग्रंथालयात कपाटं असतात आणि पुस्तकांची नोंदवही असते, तसंच इथे आहे. चित्रपटांच्या फायली म्हणजे कपाट. कोडी किंवा जेलीफिन हे सॉफ्टवेअर काय करतं? फायलीचं नाव वाचतं, त्या नावाने टीएमडीबीसारख्या इंटरनेटवरच्या चित्रपट-कोशात शोध घेतं, तिथून पोस्टर, कलाकार, कथानक आणतं आणि आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतं. म्हणून कुठलीही तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: गडबड कपाटात आहे की नोंदवहीत? निम्मं काम तिथेच होतं.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? कोडीची सुरुवात २००२ साली एक्सबॉक्सवरचा प्लेअर म्हणून झाली आणि २०१४ मध्ये त्याला हे नाव मिळालं. ज्या संगणकावर बसवलं तिथेच पाहायचं, असा त्याचा सरळ हिशोब. जेलीफिन २०१८ मध्ये एम्बीपासून वेगळं झालं. ते सर्व्हर आहे, म्हणजे एका ठिकाणी संग्रह आणि घरातल्या फोनवर, टॅबवर, दुसऱ्या टीव्हीवर तो दिसतो. एकच टीव्ही असेल तर कोडी पुरे, बघणारे आणि पडदे जास्त असतील तर जेलीफिन बरं. दोन्ही मोफत आहेत.

आता नावं. इथेच सगळ्यांची गाडी अडते. 'श्यामची आई' घ्या. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, आणि त्याच नावाचा दुसरा २०२३ मध्ये आला. फायलीला नुसतं 'श्यामची आई' म्हटलं, तर बिचाऱ्या संगणकाला कळणार कसं? म्हणून प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर करायचा, आणि फोल्डरला व फायलीला एकच नाव द्यायचं: चित्रपटाचं नाव, पुढे कंसात वर्ष. मालिकांसाठी मालिकेचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक पर्वाचा वेगळा, आणि फायलीच्या नावात पर्व व भाग यांचे क्रमांक. चित्रपट, मालिका आणि घरगुती चित्रण हे तिन्ही मुळातच वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवायचे. एकत्र ठेवले, तर मावशीच्या लग्नाला कुठल्या तरी परदेशी सिनेमाचं पोस्टर लागतं!

मराठी नावांची आणखी एक अडचण म्हणजे रोमन स्पेलिंग. 'श्वास' तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात. चित्रपट-कोशात जे स्पेलिंग आहे तेच वापरा. तरीही जमलं नाही, तर फायलीच्याच नावाची, पण एनएफओ प्रकारची एक साधी मजकुराची फाईल शेजारी ठेवून तिच्यात त्या चित्रपटाच्या टीएमडीबी पानाचा पत्ता लिहायचा. कोडी तो पत्ता वाचतं, मग अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. नावं देवनागरीत ठेवलीत तरी चालतं, फक्त ती लांबवू नका. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हं.

आता नेहमीच्या तक्रारी.

चित्रपट दिसतच नाही? आधी डिस्क जोडलेली आहे का, विंडोजने तिचं अक्षर बदललं का, ते बघा. लिनक्सवर जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालतं. आपल्याला फाईल उघडते, म्हणून त्यालाही उघडेल असं नाही. त्या खात्याला फोल्डर वाचायची परवानगी द्यावी लागते.

चित्र अडखळतं? मग नोंदवही निर्दोष आहे. जेलीफिनच्या नियंत्रण-पानावर बघा, फाईल थेट चालते आहे की चालता चालता रूपांतरित होते आहे. रूपांतर होत असेल, तर जुन्या प्रोसेसरचा दम लागतो. डीव्हीडीवरची चित्ररूप सबटायटल लावली तरी बरेचदा हे रूपांतर सुरू होतं. ती बंद करून पाहा. थेट चालूनही अडखळत असेल, तर वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढून बघा.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात? निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, ती असलेला फॉन्ट निवडा. चौकोनांऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसला, तर मजकूर बहुधा युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. तो युनिकोडमध्ये बदलून यूटीएफ-८ म्हणून साठवावा लागेल.

शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. नोंदवही गेली तर फार तर एक रविवार जाईल, ती पुन्हा बनते. बाजारात आलेला चित्रपटही बहुधा पुन्हा मिळतो. पण आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, वडिलांच्या लग्नाची कॅसेट, या कुठल्याही कोशात नाहीत. मूळ कॅसेटची फीतही वर्षागणिक खराब होत असते. म्हणून घरगुती चित्रणाच्या तीन प्रती करा: एक रोजच्या डिस्कवर, दुसरी कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे. दोन डिस्का आरशासारख्या जोडून ठेवणं म्हणजे प्रत नव्हे, कारण एकीवर चुकून पुसलेलं दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. आणि या फायलींच्या नावात तारीख, गाव आणि माणसांची नावं आजच लिहा. ती सांगणारी माणसं घरात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखं आहे.