धावत्या गाडीचे इंजिन बंद पडते तेव्हा

जुन्या डिझेल पिकअपचे, म्हणजे टाटा २०७ किंवा तत्सम यांत्रिक इंजेक्शन पंप असलेल्या गाडीचे, इंजिन धावता धावता बंद पडू लागले, की प्रथम चालकाची जबानी नीट घ्यावी; कारण ते आचके देत, जोर गमावत बंद पडले असेल तर इंधनपुरवठ्यात खोट असण्याचा संभव अधिक, आणि किल्ली फिरवल्यासारखे एकाएकी थांबले असेल तर स्टॉप सोलेनॉइडची सैल वायर आधी हलवून पाहावी.

पुरवठ्यातील सर्वांत कपटी दोष हवा धरण्याचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतील दाब वातावरणाहून कमी असल्यामुळे तेथील तडकलेल्या रबरातून वा झिजलेल्या तांब्याच्या वायसरातून डिझेल सहसा बाहेर ठिबकत नाही, उलट हवाच आत शिरते; आणि ही हवा पंपात नुसती आकसत असल्याने, सुमारे २०० बार दाबाला उघडणारी इंजेक्टरची सुई तिच्याने उचलली जात नाही. तेव्हा चालत्या गाडीखाली ओला डाग शोधत बसणे बहुधा व्यर्थच. त्या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू ठेवावे. बुडबुडे दिसले, की पुरावा हाती आला. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज झाला, तर श्वासछिद्र तुंबलेले समजावे. फिल्टर बदलून, हवा काढून गाडी मालकाच्या स्वाधीन करण्याचा रिवाज सार्वत्रिक आहे खरा, पण त्याने चार दिवस गाडी सुरळीत चालते आणि मूळ फट तशीच राहते.