फटफटीचा श्वास आणि उच्छ्वास

जुन्या बुलेटचा आवाज गल्लीत आला की पोरं अजून धावत बाहेर येतात. पण ती बुलेट कारखान्यातून निघाली तशी राहिलेली क्वचितच दिसते. कुणी बाजूचा पत्र्याचा डबा काढतो, कुणी कार्बोरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवतो. गाडी दिसते झोकदार. चार-सहा महिन्यांनी मग कुरकुर सुरू होते. फिल्टर तेलानं चिंब होतो, मागच्या चाकावर ऑईल उडतं, चढावर गाडी ओढत नाही. मालक कार्बोरेटर खोलतो, साफ करतो, पुन्हा खोलतो. आणि दुखणं बहुतेक वेळा तिथं नसतंच. (मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्याआड मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ येते, तेही ध्यानात असू द्यावे.)

हे दुखणं समजायला इंजिन श्वास कसं घेतं ते आधी पाहू. साडेतीनशेच्या जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार करून पाहिलात तर ३४६ घनसेंटिमीटर जागा येते. शोषणाच्या वेळी पिस्टन खाली येतो आणि वरच्या बाजूनं हवा-पेट्रोल आत ओढतो, हे सर्वांना माहीत असतं. पण पिस्टनच्या खाली काय होतं? खालची क्रँककेसची पेटी बंद असते. पिस्टन खाली आला की तिच्यातली तेवढीच ३४६ घनसेंटिमीटर जागा कमी होते आणि आतली हवा दाबली जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा हे घडतं. शिवाय पेटलेल्या वायूपैकी थोडा रिंगांच्या फटीतून खाली उतरतो, तो निराळाच. ही सगळी हवा बाहेर जायला जी नळी ठेवलेली असते तिला ब्रीदर म्हणतात.

लोहाराचा भाता आपण पाहिलेला आहे. त्याच्या पोटाशी चामड्याची झडप असते. ती हवा आत घेते, परत जाऊ देत नाही. जुन्या बुलेटच्या ब्रीदरला अशीच एकेरी झडप असते, फक्त उलट कामाची. बदकाच्या चोचीसारखी ती एक रबरी टोपी असते. पिस्टन खाली आला की चोच उघडते आणि हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चोच मिटते. त्यामुळे पेटीत दाब साठत नाही आणि ऑईल जागच्या जागी राहतं. शिक्षक मंडळींना वर्गात दाखवायचं असेल तर सायकलचा पंप पुरे आहे. तोंडावर अंगठा ठेवून दांडा खाली दाबायला सांगा. अंगठा ठरत नाही.

याच कारणानं पहिली सूचना ही, की नळीतून ऑईल गळतं म्हणून तिचं तोंड बुचानं बंद करू नका. असा 'इलाज' करणारे पुष्कळ आहेत. वाट बंद झालेला दाब मग ऑईल सील आणि गॅस्केटांतून वाट काढतो, आणि एका ठिकाणची गळती चार ठिकाणी होते. नळीला बाटली जोडून झाकण घट्ट लावणं हेही बूच मारणंच. बाटली जरूर लावा, पण तिला वरून हवा सुटायला भोक हवं, आणि ती वेळोवेळी रिकामी करायला हवी. नळी मूळच्या नळीपेक्षा बारीक नको, कुठं मुडपलेली नको, आणि तिचं तोंड मागच्या टायरकडे तर मुळीच नको. ऑईल लागलेला टायर वळणावर माणसाला पाडतो.

आता ऑईल का येतं ते शोधू. जुन्या इंजिनात ऑईलची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच एका बाजूला असते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं ऑईल पंपावाटे झिरपून क्रँक फिरते त्या भागात उतरतं. मालक पट्टी बुडवून पाहतो, पातळी कमी दिसते, तो अर्धा लिटर ओततो. इंजिन चालू झालं की पंप खालचं ऑईल परत टाकीत आणतो, ऑईल जास्त होतं आणि जादा ऑईल ब्रीदरवाटे बाहेर फेकलं जातं. ब्रीदर नाहक बदनाम होतो! म्हणून या इंजिनाचं ऑईल थोडा वेळ गाडी चालवून, मग ती सरळ उभी करून पाहावं.

पातळी बरोबर असेल तर चोच काढून पुसा आणि फुंकून पाहा. एका बाजूनं हवा गेली पाहिजे, दुसरीकडून अडली पाहिजे. रबर कडक झालं असेल, चिरलं असेल किंवा उलट बसलं असेल तर बदला. चिरलेली चोच बाहेरची धूळसुद्धा आत ओढते. पावसाळ्यात नळीत लोण्यासारखा पांढरा थर दिसला तर लगेच घाबरू नये. घर ते शाळा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ पाण्यात बदलते आणि ऑईलमध्ये घुसळली जाते. एकदा लांबची फेरी मारून पाहा आणि ऑईल बदला. पातळीही ठीक, चोचही ठीक, आणि तरी गरम इंजिनाच्या नळीतून सतत निळसर धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेलं असण्याचा संभव मोठा. मग मेस्त्रीकडे जाऊन कॉम्प्रेशन मोजून घ्यावं.

आणि सिलिंडर झिजलं कशानं? इथं आपण पुन्हा त्या शंकूच्या फिल्टरापाशी येतो. बंद डब्यातला फिल्टर आडोशाला असतो; उघडा फिल्टर उसाच्या गाड्यांमागची सगळी धूळ अंगावर घेतो. तो नीट बसला नसेल तर धूळ थेट सिलिंडरात जाते आणि कानशीसारखी रिंगा घासते. रिंगा झिजल्या की ब्रीदरमधून ऑईल जास्त येतं. नळी फिल्टरला जोडलेली असेल तर तेच ऑईल फिल्टर भिजवतं आणि श्वास कोंडतो. अशी ही दोन दुखणी एकमेकांना पोसतात. इंजिन बंद ठेवून फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ बोट फिरवा. बोटाला कचकच लागली तर फिल्टर किंवा त्याचा पट्टा धूळ सोडतो आहे.

पाठोपाठ प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. ओलसर तेलकट काळा म्हणजे ऑईल जळतं आहे. पांढराफटक टोक म्हणजे हवा जास्त. उघडा फिल्टर लावून जेट तोच ठेवला की हे हमखास होतं. इंजिन तापतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. काहींना ते ऐकायला आवडतात, पण जेट बदलून घ्यावा किंवा सरळ जुना डबा परत बसवावा. माझ्या मते दुसरंच स्वस्त पडतं.

फिल्टर साफ करताना तो कशाचा आहे ते पाहा. कागदाचा कधीही धुऊ नये. आतून बाहेर हलकी हवा मारावी, आणि ऑईलनं भिजला असेल तर टाकून द्यावा. स्पंजाचा साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा, फिल्टरचं तेल चोळून घट्ट दाबून काढावं. पिळू नये, फाटतो. कापडाच्या जाळीचा त्याच्याच औषधानं धुवावा आणि तेल थोडंच लावावं. नाहीतर फिल्टर पुन्हा ओला दिसेल आणि तुम्ही पुन्हा ब्रीदर खोलत बसाल.