थकलेल्या हृदयाला आधार देणारा पंप

पेन्सिलीहून बारीक नळी आणि तिच्यात मिनिटाला चाळीस हजारांहून अधिक फेरे घेणारं पातं. इम्पेला हा पंप जांघेतल्या धमनीतून आत सरकवतात. महाधमनीची कमान वळून, झडप ओलांडून त्याचं टोक हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात पोचतं. तिथलं रक्त ओढून घ्यायचं आणि झडपेच्या वर महाधमनीत सोडायचं, एवढंच त्याचं काम. जोखमीच्या अँजिओप्लास्टीत रुग्णाचा जीव काही काळ या कामावर तगून असतो.

अँजिओप्लास्टीत हृदयाची अरुंद धमनी उघडायला तिच्यात फुगा फुगवला की ती धमनी काही सेकंद बंद होते. धडधाकट हृदय हे सोसतं. पण डावी मुख्य धमनी अरुंद, बाकीच्यांतही अडथळे, ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं त्या रक्ताचं प्रमाण, ३० टक्क्यांच्या खाली आणि बायपास झेपणार नाही असं सर्जननं सांगितलेलं, अशा रुग्णाची गोष्ट वेगळी. फुगा फुगताच हृदयाचा जोर ओसरतो, रक्तदाब घसरतो. दाब घसरला की हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतही रक्त कमी जातं आणि ते आणखी थकतं. हे दुष्टचक्र वेळीच तुटलं नाही, तर टेबलावरच हृदय बंद पडू शकतं.

ते तोडायचा पहिला यशस्वी प्रयत्न म्हणजे बलून पंप. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली ब्रुकलिनमध्ये तो रुग्णावर वापरला. महाधमनीतला हा फुगा हृदय सैलावताना हेलियमनं फुगतो, आकुंचनाआधी रिकामा होतो. त्यानं हृदयाच्या धमन्यांना रक्त मिळतं आणि हृदयावरचा भारही हलका होतो. मात्र तो स्वतः रक्त ढकलत नाही. हृदयात थोडी तरी धमक उरलेली असावी लागते.

पुढची कल्पना पाण्याच्या पंपातून आली. इजिप्तमध्ये आर्किमिडीजच्या स्क्रूनं पाणी वर चढवताना पाहून रिचर्ड वॅम्प्लर या अमेरिकी डॉक्टरांना हेमोपंप सुचला. १९८८ मध्ये ह्यूस्टनला तो प्रथम रुग्णाच्या हृदयात फिरला. त्याची मोटर शरीराबाहेर होती आणि लांब केबल आतलं पातं फिरवायची. जर्मनीतल्या आखेनच्या अभियंत्यांनी मोटरच इतकी लहान केली, की ती नळीसोबत आत जाऊ लागली. तोच इम्पेला. २००५ साली अमेरिकेच्या अबायोमेडनं त्यांची कंपनी घेतली आणि २०१५ मध्ये अमेरिकी नियामक संस्था एफडीएनं जोखमीच्या अँजिओप्लास्टीसाठी या पंपाला मंजुरी दिली.

रक्तात बुडालेल्या मोटरमध्ये रक्त शिरू नये म्हणून बाहेरून डेक्स्ट्रोजचं द्रावण सतत आत ढकललं जातं, रक्ताच्या उलट दिशेनं. काम संपल्यावर पंप एकदम बंद करत नाहीत. वेग पायरीपायरीनं उतरवतात, दाब टिकतोय ना ते पाहतात, पंप झडपेतून मागे महाधमनीत ओढतात आणि मगच थांबवतात. झडपेत अडकलेला पंप थांबला, तर त्याच नळीतून रक्त उलटं हृदयात येईल.

या आधाराची किंमतही असते. कधी जांघेत रक्तस्राव होतो, पायाचा रक्तपुरवठा अडतो, पात्याच्या वेगानं तांबड्या पेशी फुटून लघवी गडद होते. पुरावाही सरळ नाही. ४५२ रुग्णांच्या प्रोटेक्ट-२ अभ्यासात बलून पंपाशी तुलना केली, तेव्हा ३० दिवसांच्या मुख्य निष्कर्षात ठळक फरक दिसला नाही. पुढे ९० दिवसांपर्यंत कल इम्पेलाच्या बाजूनं झुकला. २०२४ च्या डेंजर-शॉक अभ्यासात मोठ्या हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या निवडक रुग्णांत इम्पेलामुळे सहा महिन्यांतले मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंती मात्र वाढल्या. पण ते रुग्ण वेगळे होते. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

हा पंप धमनी उघडत नाही. ती नीट उघडायला डॉक्टरांना उसंत मिळवून देतो. म्हणून तो कोणाला लावायचा हा निर्णय यंत्राइतकाच मोलाचा आहे. हृदय किती दुबळं आहे, किती धमन्यांवर काम करायचंय, बायपास खरंच शक्य नाही का आणि पायाच्या धमन्या नळी जाण्याजोग्या आहेत का, हे नातेवाइकांनी आधीच विचारावं आणि डॉक्टरांनी वेळ काढून समजावून सांगावं. महागडं यंत्र हाताशी आहे, एवढ्यावर ते कोणाच्या हृदयात घालू नये. आणि ज्याला त्याची खरी गरज आहे, त्याला ते पैशांअभावी नाकारलं जाऊ नये.