न आलेला रुग्ण

आमच्या आत्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात तिची सगळी आरोग्यव्यवस्था मावते. तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रबर लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि घडीवर फाटलेला एक ईसीजी. मध्यंतरी कळलं, की दोन महिने तिने बीपीची गोळी घेतलीच नव्हती. का, तर ‘आता बरं वाटतंय की!’ डोकं दुखत नाही, गरगरत नाही, मग गोळी कशाला? पण मला तिच्यापेक्षा त्या तीन डॉक्टरांचं नवल वाटलं. आत्या आली नाही, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. लक्षात यायची सोयच नव्हती.

आपला दवाखाना घडला तो ताप, जुलाब, विंचूदंश, बाळंतपण यांच्यासाठी. माणूस कण्हत येतो, केसपेपर काढतो, बरा होऊन जातो. रक्तदाबाचा रुग्ण कण्हतही नाही आणि कायमचा बराही होत नाही. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. देशात मधुमेही 10.1 कोटी आणि प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण 35.5 टक्के. एवढ्यांना जन्मभर गोळ्या पोचवायच्या, तर नुसते तज्ज्ञ वाढवून काय होणार? सिएटलचे डॉ. एडवर्ड वॅग्नर यांनी 1990च्या दशकात दीर्घ आजारांच्या उपचारांची घडी नव्याने मांडली, तिचं सार असं होतं: रुग्ण येण्याची वाट बघू नका, त्याचा माग ठेवा.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं ते भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने. नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांतल्या 25 जिल्ह्यांपासून सुरुवात झाली. त्यात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. नवं औषध काहीच नव्हतं. ॲम्लोडिपिनसारखी जुनी, स्वस्त गोळी, आणि रक्तदाब 140/90च्या खाली येईना तर पुढची पायरी कोणती, हे राज्यापुरतं एकदाच ठरवून दिलेलं. डॉक्टर बदलला म्हणून गोळी बदलायची नाही. औषधं मोजकीच, त्यामुळे किती मागवायची याचा हिशेब जमतो आणि रुग्णाला एकदम 30 दिवसांच्या गोळ्या देता येतात. आठ दिवसांच्या गोळ्यांसाठी एक रोज बुडवून कोण येणार? बीपी मोजणं आणि पाठपुरावा हे काम नर्सकडे आलं. डॉक्टर लागतो तो पायरी बदलताना.

खरी करामत यादीची. महाराष्ट्रात ‘सिंपल’ नावाच्या ॲपवर प्रत्येकाची पुढची तारीख पडते आणि तारीख उलटलेल्यांची नावं आपोआप वर येतात. मग फोन जातो. संवाद साधारण असा:

‘काकू, तारीख होऊन गेली तुमची.’

‘अगं बाई, लावणी चाललीय. येते की सवडीनं.’

‘मग गोळ्या आशाताईंबरोबर पाठवू का? पण बीपी मोजायला यायचं हां!’

कोविडच्या टाळेबंदीत गोळ्या खरोखरच घरपोच गेल्या. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. मला मात्र त्या फोनचं मोल जास्त वाटतं.

सगळं आलबेल आहे असं नाही. औषधांचा पुरवठा एक महिना जरी आटला, तरी वर्षभराची सवय मोडते. रुग्ण एकदा ‘गोळ्या संपल्यात’ ऐकून परत गेला, की त्याला पुन्हा आणणं अवघड. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारा ऊसतोड कामगार पाच-सहा महिने फडावर असतो. त्याची नोंद गावच्या उपकेंद्रात आणि तो दुसऱ्याच जिल्ह्यात. आशाताईंच्या डोक्यावर तर आधीच डझनभर नोंदवह्या आहेत. त्यात ही आणखी एक यादी टाकून मानधनाचं नाव काढायचं नाही, हा सरळ सरळ अन्याय आहे. शिवाय खासगी दवाखान्यात जाणाऱ्या माझ्या आत्यासारख्यांचं नाव या यादीत येतच नाही.

वयाची तिशी ओलांडलेल्या कुणालाही उपकेंद्रात, म्हणजे आता पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं तिथे, रक्तदाब आणि साखर फुकट तपासून मिळते. जाऊन या. आणि जाल तेव्हा तिथल्या ताईंना एवढं जरूर विचारा: या महिन्यात कोण कोण आलं नाही?