टीममधल्या गप्प माणसाचं मत ऐकलंत का?

समजा, तुमचा फराळाचा छोटा व्यवसाय आहे. दिवाळी दीड महिन्यावर आलीय. चिवड्याचं पाकीट बदलायचं का, यावर चौघं बसलात. विक्री बघणारा दहा मिनिटं बोलतो, तुम्ही मान हलवता, ५० हजारांच्या पाउचची ऑर्डर जाते. पॅकिंगवाल्या ताई गप्पच. हा पाउच आपल्या सीलिंग मशीनवर नीट चिकटणार नाही, हे फक्त त्यांना कळलं होतं. पण विचारलं कोणी?

बोलका, शांत, घाईचा, शंका काढणारा... प्रत्येक टीममध्ये हे असतातच. स्वभाव बदलायला जाऊ नका, बसून ठरवायची पद्धत बदला.

१. आधी लिहा, मग बोला. जर्मनीत बर्न्ड रोहरबाख यांनी १९६८ मध्ये ६-३-५ ही पद्धत मांडली: ६ जण, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे, तो त्यात भर घालतो. तुम्ही तिघंच असाल तरी चालतं. कागदावर मोठा आवाज चालत नाही! ज्यांना लिहायची सवय नाही, त्यांना आदल्या दिवशी एकटं गाठून विचारा.

२. मालकाने शेवटी बोलावं. तुम्ही आधी मत दिलंत, की बाकीचे "हो साहेब" म्हणून मोकळे.

३. शंकेखोराला काम द्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची युक्ती वापरा: निर्णय फसलाच आहे असं धरा आणि का फसला ते प्रत्येकाला सांगायला लावा. आता खोट काढणं म्हणजे मोडता घालणं राहत नाही.

४. अंतिम शब्द कोणाचा, ते सुरुवातीलाच सांगा. पैसा तुमचा असेल तर निर्णय तुम्हीच घ्या, पण ज्याचं मत घेतलं नाही त्याला कारण सांगा. नाहीतर पुढच्या वेळी तो तोंडच उघडणार नाही.

लिज्जत पापड आठवा. १९५९ मध्ये गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे काम करणाऱ्या भगिनीच मालक, आणि सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची रीत. सगळ्यांना विचारत बसलं तर धंदा वाढत नाही, असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण द्या.

या आठवड्यात एकच निर्णय असा घेऊन बघा. सुरुवात सगळ्यात कमी बोलणाऱ्यापासून करा!