सभासद बखरीतील भाकीत आणि भोसले घराण्यातील वारसासंघर्ष

फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील सईबाई यांचे पुत्र संभाजी हे छत्रपती शिवाजी महाराजांचे ज्येष्ठ पुत्र होत. तथापि ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाल्यावर सोयराबाईंचे पुत्र राजाराम यांचे मंचकारोहण करण्यात आले. सोयराबाईंचे बंधू, सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी संभाजींचा पक्ष घेतल्याने हा प्रयत्न फसला.

सभासद बखरीनुसार राजाराम पालथे जन्मले. हे अशुभ मानले गेले असता, हा पुत्र दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे महाराजांनी सांगितले. मात्र ही बखर संभाजींच्या वधानंतर, राजारामांच्याच आज्ञेवरून जिंजी येथे लिहिली गेली. त्यामुळे या भाकिताकडे भविष्यकथनापेक्षा वारसाहक्काचे समर्थन म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.