लघु गुन्हेपट

लघु गुन्हेपट : गुन्हा, त्याची पूर्वतयारी, तपास किंवा परिणाम यांपैकी एखाद्या अंगाभोवती रचलेला अल्पावधीचा कथाचित्रपट. लघुपटाची कालमर्यादा सर्वत्र सारखी नाही. निरनिराळे महोत्सव व पुरस्कार-संस्था ती आपापल्या परीने ठरवितात. तथापि ज्यांना या प्रकारात विशेष स्थान मिळाले आहे, ते चित्रपट बहुधा दीड मिनिटापासून वीस मिनिटांपर्यंतचे आहेत. लघु गुन्हेपट म्हणजे पूर्ण लांबीच्या गुन्हेपटाचा संक्षेप, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. राजा परांजपे यांच्या पाठलाग (१९६४) या चित्रपटात मृत मानल्या गेलेल्या पत्नीसारखीच दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून समोर येते आणि न्यायालयातील उलटतपासणीच्या ओघात भूतकाळाचा एकेक पदर उलगडत जातो. संशय घेणे, तो सोडणे व पुन्हा घेणे यांसाठी प्रेक्षकाला तेथे पुरेसा अवकाश मिळतो. लघु गुन्हेपटाला तो नसतो. त्यामुळे ‘गुन्हा कोणी केला ?’ या प्रश्नापेक्षा ‘आता काय होणार ?’ आणि ‘हे आपण कोणाच्या नजरेने पाहत आहोत ?’ या दोन प्रश्नांवर त्याची उभारणी झालेली असते.

चित्रपटाच्या इतिहासात हा प्रकार मागाहून आलेला नाही. प्रारंभीचे सर्वच चित्रपट लघू होते आणि त्यांना कथा सांगण्याची कला बऱ्याच अंशी गुन्ह्यांच्या कथांनीच शिकविली. चोरी झाली की पाठलाग आलाच. पाठलाग दाखवावयाचा तर एका जागेचे चित्रण दुसऱ्या जागेच्या चित्रणाला जोडणे भाग पडते. इंग्लंडमध्ये फ्रँक मॉटरशॉ याचा अ डेअरिंग डेलाइट बर्ग्लरी हा चित्रपट १९०३ मध्ये निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एडिसन कंपनीसाठी एडविन एस्. पोर्टर याने द ग्रेट ट्रेन रॉबरी हा सु. बारा मिनिटांचा चित्रपट तयार केला. त्यात अवघे चौदा शॉट आहेत व त्यांतील बहुतेकांत एक संपूर्ण प्रवेश सामावलेला आहे.

दरोडेखोर तारायंत्राच्या कचेरीत शिरतात, कर्मचाऱ्याला धाक दाखवून गाडी थांबविण्याचा खोटा हुकूम लिहून घेतात व त्याला बांधून टाकतात. पाण्याच्या टाकीजवळ ते लपून गाडीत चढतात. टपालाच्या डब्यात मारामारी होते, तिजोरी सुरुंगाने उडविली जाते. उतारूंना खाली उतरवून रांगेत उभे करतात, त्यांतला एक पळू लागताच त्याला गोळी घालतात आणि इंजिन घेऊन पसार होतात. येथवरची कथा घटनाक्रमाने सरळ पुढे जाते. दहाव्या शॉटमध्ये मात्र चित्रपट पुन्हा तारकचेरीत येतो : बांधून ठेवलेल्या कर्मचाऱ्याची लहान मुलगी जेवण घेऊन येते व त्याला सोडविते. दरोडेखोर पळत असताना इकडे काय चालले होते, ते येथे समजते. पडद्यावर एकामागून एक आलेल्या घटना कथेत एकाच वेळी घडत असू शकतात, हे प्रेक्षकाने कोणी न सांगता जाणावे अशी ही अपेक्षा होती. आज ती क्षुल्लक वाटते; १९०३ मध्ये ती तशी नव्हती.

पोर्टरच्या इतर युक्त्याही लक्षणीय आहेत. कचेरीच्या खिडकीतून येणारी गाडी आणि डब्याच्या उघड्या दारातून मागे सरकणारा प्रदेश हे वेगळे चित्रित करून त्याच फिल्मवर बसविलेले आहेत. इंजिनावरील झटापटीत कॅमेरा क्षणभर थांबवून माणसाच्या जागी बाहुले ठेवले व ते खाली फेकले. दरोडेखोर डोंगरात शिरताना कॅमेरा त्यांच्याबरोबर वळतो. शेवटचा शॉट तर कथेच्या बाहेरचाच आहे : दरोडेखोरांचा म्होरक्या (जस्टस डी. बार्न्स) प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. हा शॉट आरंभी लावावा की शेवटी, हे चित्रपटगृहाच्या चालकावर सोपविलेले होते. एवढ्या जवळून घेतलेला चेहरा कथेत कोठे बसवावा, हे पोर्टरला अद्याप उमगले नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

पुढील दहा वर्षांत ते उमगले. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याच्या द लोन्ली व्हिला (१९०९) मध्ये घरात अडकलेली आई व मुली, दार फोडणारे चोर आणि दूर असलेला पती या तिन्ही ठिकाणांची दृश्ये आलटून पालटून येतात व आणीबाणीचा क्षण जवळ येतो तसा त्यांचा लय वाढतो. हेच समांतर संकलन होय [→ चित्रपट]. लोइस वेबर व फिलिप्स स्मॉली यांचा सस्पेन्स (१९१३) हा सु. दहा मिनिटांचा चित्रपट त्याच कथानकावर बेतलेला असला, तरी कल्पकतेत त्याच्या पुढे आहे. दूरध्वनीच्या प्रसंगी पडद्याचे तीन भाग होतात : एकात पत्नी, दुसऱ्यात पती, तिसऱ्यात घरात शिरू पाहणारा भटक्या. खिडकीतून खाली वाकून पाहणाऱ्या पत्नीच्या जागी कॅमेरा ठेवल्यामुळे तो भटक्या मान वर करून थेट प्रेक्षकाकडे पाहतो. पती दुसऱ्याची मोटार पळवून घराकडे निघतो, तेव्हा पाठलागावर असलेली पोलिसांची मोटार त्याच्या गाडीच्या आरशात दिसते. स्वतंत्र शॉट घेऊन जे सांगता आले असते, ते येथे एका चौकटीत सांगितले आहे. लघु गुन्हेपटात काटकसर म्हणतात ती हीच.

ग्रिफिथचाच द मस्केटिअर्स ऑफ पिग ॲली (१९१२) हा न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील टोळ्यांवरचा चित्रपट आहे. गल्लीतल्या भिंतीच्या कडेने सरकत येणारा गुंड हळूहळू इतका पुढे येतो, की त्याचा चेहरा चौकट व्यापून टाकतो. समीपदृश्य येथे जोडलेले नाही. पात्र आपण होऊन त्यात चालत आले आहे. शेवटी चौकटीबाहेरून एक हात येतो व पैसे पुढे करतो. तो कोणाचा, हे दाखविलेले नाही. गुन्हेगार एकटा नसतो, व्यवस्थेतील कोणीतरी त्याला पोसत असते, एवढा आशय त्या हाताने व्यक्त होतो. याच्या अगदी उलट टोकाला रोमान पोलान्स्की याने पोलंडमधील वूच येथील चित्रपट विद्यालयात असताना केलेला हत्या (१९५७) हा जेमतेम दीड-दोन मिनिटांचा चित्रपट आहे. दार उघडते, एक माणूस येतो, झोपलेल्याला चाकूने मारतो आणि निघून जातो. कारण नाही, तपास नाही, शिक्षाही नाही. प्रेक्षकाच्या मनात उरते ती केवळ कृतीची सहजता.

कथनाचे तंत्र : आल्फ्रेड हिचकॉक याने धक्का आणि उत्कंठा यांत केलेला भेद प्रसिद्ध आहे. मेजाखाली ठेवलेला बाँब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला क्षणभराचा धक्का बसतो; तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल व पात्रांना नसेल, तर त्यांचे साधे बोलणेही असह्य होते. कोणाला किती व केव्हा कळू द्यावयाचे, हाच गुन्हेपटाच्या पटकथेचा गाभा होय. एका कल्पित कथानकावरून हे स्पष्ट होईल. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर ही रेल्वेमार्गावरील कापसाची बाजारपेठ. तेथे कापूस विकून एक शेतकरी रोख रकमेसह संध्याकाळी मोताळ्यावरून बुलढाण्याकडे निघतो. वाटेत राजूर घाट लागतो. घाटात तो लुटला जातो आणि दुसऱ्या दिवशी पोलीस जवळच्या पालांवरील एका फासेपारधी तरुणाला पकडून नेतात.

हेच कथानक तीन प्रकारे मांडता येते. चित्रपट बाजारातल्या नोटा मोजण्यापासून सुरू झाला आणि त्या मोजणाऱ्या हातांकडे पाहणारी दुसरी नजर प्रेक्षकाला दाखविली, तर पुढचा सारा प्रवास उत्कंठेचा होतो. घाटाचे प्रत्येक वळण प्रेक्षक भीत भीत पाहतो. तो लुटीनंतर, फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या मेजापासून सुरू झाला, तर गूढकथा तयार होते आणि मागील घटना पूर्वदृश्यांनी सांगाव्या लागतात. दहा मिनिटांच्या चित्रपटाला अशी दोनांहून अधिक पूर्वदृश्ये सहसा पेलत नाहीत. तिसरा मार्ग पालापासून सुरू होतो. पहाटे गाडीचा दिवा पालावर पडतो व माणसे न विचारताच उठून उभी राहतात. लूट आपण पाहिलेलीच नाही; तो तरुण निर्दोष आहे की नाही, हेही प्रेक्षकाला ठाऊक नाही. ठाऊक आहे ते इतकेच, की पोलिसांनाही ते ठाऊक नाही आणि तरीही ते सरळ येथेच आले. कथानकातील एकही घटना न बदलता येथे चित्रपटाचा विषय बदलला आहे.

हा भेद केवळ तंत्राचा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा पुढे अधिक व्यापक करण्यात आला, १९५२ मध्ये रद्द झाला व त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु संशयाची सवय कायद्याबरोबर गेली नाही. फासेपारध्यांची वस्ती बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांत तसेच पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यात आहे. कॅमेरा कोठे उभा करावयाचा, याचा निर्णय म्हणूनच त्या समाजाच्या बाबतीत पोलिसांच्या पंचनाम्याइतकाच गंभीर ठरतो. अंधारात पालाकडे दुरून पाहणारा, कुत्र्यांच्या भुंकण्यावर भीतिदायक संगीत चढविणारा चित्रपट निकाल आधीच देऊन टाकतो.

मराठीत या प्रश्नाला थेट भिडलेला लघुपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा पिस्तुल्या (२००९) होय. शाळेची ओढ लागलेला पारधी मुलगा आणि पोटासाठी त्याने चोरी करावी असे वाटणारे घर, असा त्याचा पेच आहे. रूढ अर्थाने तो गुन्हेपट नाही. त्यात तपास नाही व रहस्यही नाही. परंतु चोरीचे कृत्य बालकाच्या उंचीवरून पाहिल्यामुळे गुन्हा कोणाचा, हा प्रश्न त्याने गुन्हेपटापेक्षा नेमकेपणाने विचारला आहे. पदार्पणाच्या कथाबाह्य चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले आणि त्यातील बालकलाकार सूरज पवार याचाही राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला.

ध्वनीचा उपयोग हा लघु गुन्हेपटातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नवशिके दिग्दर्शक पार्श्वसंगीतावर भिस्त ठेवतात. वास्तविक चौकटीबाहेरचा आवाज हे सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक साधन आहे : वरील कथानकात घाट चढणाऱ्या मालमोटारीचा बदलत जाणारा आवाज ऐकू आला आणि मग इंजिन एकाएकी बंद पडले, तर लूट दाखविण्याची आवश्यकताच उरत नाही. शांततेलाही मोल आहे, पण त्यासाठी आधी आवाज असावा लागतो. प्रकाशयोजनेत काळोख म्हणजे सर्व काही न दिसणे नव्हे. कंदील, मोटारीचे दिवे, विडीचा निखारा यांसारख्या दृश्यातीलच उजेडाने काय दिसावे हे ठरले, की प्रसंग विश्वसनीय होतो. संवाद जितके कमी तितके बरे. गुन्ह्याचे कारण समजावून सांगणारे अखेरचे लांब भाषण हा या प्रकारातील नेहमीचा दोष आहे.

भारतात कथात्म लघुपटाला चित्रपटगृहात दीर्घकाळ जागा नव्हती. फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले जात. कथात्म लघुपट मात्र मुख्यत्वे पुण्याच्या चित्रपट संस्थेतील (स्थापना १९६०) विद्यार्थ्यांच्या पदविका-चित्रपटांपुरता व महोत्सवांपुरता राहिला. आंतरजालामुळे ही स्थिती पालटली. सुजय घोष यांचा अहल्या (२०१५) हा चौदा मिनिटांचा बंगाली चित्रपट आंतरजालावरच प्रदर्शित झाला. बेपत्ता तरुणाच्या शोधात एका वृद्ध कलावंताच्या घरी आलेला पोलीस अधिकारी हे त्याचे निमित्त. पौराणिक कथेतील पात्रांची नावे धारण केलेल्या माणसांमुळे जाणत्या प्रेक्षकाला धोका अधिकाऱ्याच्या आधी कळतो. मेजावरील छोट्या बाहुल्या पहिल्याच प्रसंगात दाखवून ठेवल्या आहेत आणि त्यांतली एक आपोआप खाली पडते, तेव्हा तो तिला उचलून पुन्हा जागेवर ठेवतो.